पायांवरचं छप्पर



'सूचना वाचून कृती करणे' हा भाग शिकवताना आपण सगळे साधारण ठरलेल्या गोष्टी घेतो. लिंबू सरबत, कागदाची होडी, फार तर कुंडीत बी लावणं. यात एक अडचण असते. मुलांना सरबत आधीपासूनच करता येतं. मग ती सूचना वाचतच नाहीत, आठवणीतून सांगतात, आणि आपण समजतो की वाचन झालं. खरं वाचन व्हायचं असेल तर वस्तू अशी हवी की जी वर्गात कोणीही पाहिलेली नाही, आणि काम असं हवं की जे चुकलं तर कोणाला तरी त्रास होईल. या हिवाळ्यात माझ्या चौथीच्या वर्गाला असं काम मिळालं. ते माझ्या घरातूनच आलं, म्हणून थोडं घरचं सांगावं लागेल.

वस्तू अशी. पलंगाच्या पायथ्याशी बसवायची नळ्यांची चौकट. तिचा खालचा भाग गादीखाली सरकतो, उभा भाग गादीच्या कडेला वर येतो आणि वरचे दोन हात पायांच्या वरून आडवे पुढे येतात. पांघरूण या हातांवर टाकायचं. खाली पाय मोकळे राहतात. दवाखान्यात याला 'क्रेडल' म्हणतात. भाजलेल्या पेशंटच्या अंगाला कापड चिकटू नये म्हणून किंवा ओलं प्लॅस्टर वाळेपर्यंत त्यावर भार नको म्हणून असा पिंजरा ठेवतात, तो काहींनी पाहिला असेल. आमच्याकडे आली ती घरी वापरायची, उंची आणि रुंदी कमी-जास्त करता येणारी.

हे माझ्या आईसाठी मागवावं लागलं. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे. दोनेक वर्षांपासून तळपायांची आग, मुंग्या, आणि सगळं रात्री जास्त. पण या थंडीत एक नवीनच सुरू झालं. अंगावर गोधडी घेतली की पायाची बोटं ठणकायची. चालताना नाही, चप्पल घालताना नाही, फक्त पांघरूण टेकलं की. आम्ही निफाड तालुक्यात राहतो. इथली थंडी कशी असते ते द्राक्षबागायतदारांना विचारा, पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसतात बिचारे. अशा थंडीत आई रात्रभर पाय गोधडीच्या बाहेर काढून झोपायची. म्हणजे झोपायची नाहीच. पाय गार पडले की आत घ्यायची, ठणकले की बाहेर काढायची. सकाळी विचारलं तर "झोपले की" म्हणायची.

शेजारच्या एक काकू तिला म्हणाल्या, "अहो, गोधडीचं कसलं ओझं होतंय? वय झालं की लाडच वाढतात." आई हसली. पण त्यानंतर तिने पायांबद्दल बोलणं बंद केलं. मला त्या ठणक्यापेक्षा या गप्प बसण्याची काळजी जास्त वाटली.

आणि गोधडी तरी कोणाची? तिनेच शिवलेली. तिच्या आईची दोन लुगडी, स्वतःच्या चार साड्या, आत जुनी धोतरं, आणि वर बोटभर अंतराने धावदोरा. काही भागांत हिला वाकळ म्हणतात. "दुसरं हलकं ब्लँकेट घे ना" असं बायकोने आणि मी अनेकदा सुचवलं. आणलंही. आईने ते घडी करून उशाशी ठेवलं. अंगावर गोधडीच पाहिजे. चाळीस वर्षांची सवय एका ब्लँकेटने जात नाही, आणि ती जावी असा माझा फार हट्टही नव्हता.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी एक छोटी तपासणी केली. ती सगळ्या मधुमेही पालकांनी आणि शिक्षकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. नायलॉनचा एक तंतू असतो. तो तळपायाला टेकवून दाबला की ठरावीक दाबाला, 10 ग्रॅमला, वाकतो. पेशंटने डोळे मिटून सांगायचं, लागलं की नाही. आईला काही जागी तो तंतू लागतच नव्हता. अंगठ्याखाली तर अजिबात नाही. आणि त्याच पायांना गोधडी सहन होत नव्हती! मी विचारलं, असं कसं? जे बधिर आहे ते दुखेल कसं? डॉक्टर म्हणाले, "सर, घरातली जुनी वायरिंग आठवा. एका खोलीत दिवाच लागत नाही आणि दुसऱ्या खोलीत बटणाला हात न लावता ठिणग्या उडतात. नसांचं तसंच आहे. काही नसा निरोप पोहोचवत नाहीत, काही खोटा निरोप पोहोचवतात. पण मावशींना दुखतंय ते खोटं नाही."

शेवटचं वाक्य आईने ऐकलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बघ, डॉक्टर पण म्हणाले."

नुसत्या स्पर्शाने दुखणं हा तसा जुनाच अनुभव आहे. थॉमस सिडनहॅम नावाचे इंग्रज डॉक्टर होते. त्यांना स्वतःला गाउट होता. 1683 साली त्यांनी त्या दुखण्यावर लिहिलं, त्यात पायावर पांघरुणाचा भारही सहन होत नाही ही तक्रार आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचं नाव आपण मुलांना शिकवतोच, दिवा घेतलेल्या बाई म्हणून. त्यांच्या 1859 सालच्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात अंथरूण-पांघरुणावर वेगळं प्रकरण आहे. अशक्त माणसाला जड पांघरुणाचा जाच होतो आणि त्यापायी झोप लागत नाही, असं त्यांनी त्यात स्पष्ट मांडलं आहे. म्हणजे आईची तक्रार नवीन नव्हती आणि लाडाचीही नव्हती.

डॉक्टरांनी औषध दिलं, साखरेचं पथ्य पुन्हा बजावलं आणि जाता जाता ही चौकट सुचवली. ती आजार बरा करत नाही, फक्त पांघरूण उचलून धरते. एवढंच तिचं काम.

खोका शुक्रवारी संध्याकाळी आला. उघडला तर आत सहा नळ्या, दोन जोडांचे खटके, कानवाले नट, रबरी बुचं आणि एक घडीचा कागद. कागदावर चार चित्रं आणि प्रत्येकाखाली इंग्रजीची एकेक ओळ, तीही अशी की शाळामास्तरलाही दोनदा वाचावी लागेल. मी चौकट लगेच जोडणार होतो. पण कागद बघता बघता शनिवारची सकाळची शाळा आठवली. आईला विचारलं, "आई, उद्या हे शाळेत नेऊ का? संध्याकाळी लावू." ती म्हणाली, "ने की. इतक्या रात्री गेल्या, अजून एक. पण पोरांना सांग, माझ्या पायाचं आहे, नीट करा म्हणावं."

हा निरोप मी वर्गात जसाच्या तसा सांगितला. पुढचे दोन तास मला कोणालाही 'शांत बसा' म्हणावं लागलं नाही.

आधी कागद. चार गटांना त्याची झेरॉक्स दिली आणि नळ्या मधे सतरंजीवर मांडल्या. पहिलं काम, हात न लावता फक्त चित्र आणि वस्तू जुळवायच्या. दोन नळ्या काटकोनात वाकलेल्या होत्या. लांब बाजू गादीखाली जाणार, आखूड बाजू वर येणार. त्यांच्यासारख्याच वाटणाऱ्या पण जरा बारीक अशा आणखी दोन होत्या, त्या वरचे हात. उरलेल्या दोन सरळ, एक खाली आडवी, एक वर आडवी. मुलांनी दोन्ही जोड्या आधी एकच समजल्या. मग एका मुलीने बोटं नळीत घालून पाहिली आणि म्हणाली, "सर, ही त्याच्या आत जाते." दुर्बीण उघडते तसं, असं मीच म्हणणार होतो. पण मागून कोणीतरी म्हणालं, "आमच्या आबांच्या काठीसारखं." उंची कमी-जास्त होणारी ॲल्युमिनियमची काठी अर्ध्या वर्गाच्या घरात होती! स्प्रिंगचं बटण दाबायचं, नळी सरकवायची, भोक आलं की बटण आपोआप बाहेर येतं. मुलांना हे सगळं माहीत होतं. त्यांना फक्त ते इथे ओळखता यायला हवं होतं.

मग प्रत्येक गटाने मराठीत सूचना लिहिल्या. कागदावरच्या इंग्रजी ओळीचा अर्थ होता 'नळी बसवून ती पक्की झाल्याची खात्री करा'. एका गटाने लिहिलं, 'टक् वाजेपर्यंत ढकला. मग ओढून बघा. आली तर चुकलं.' मला सांगा, यात कोणती सूचना चांगली? मी ती फळ्यावर लिहिली आणि तीन क्रियापदांखाली रेघा मारल्या. वाजेपर्यंत, ओढून, आली तर. सूचनेमध्ये काय करायचं हे असतंच, पण झालं की नाही हे कसं ओळखायचं तेही हवं. पाठ्यपुस्तकातल्या सरबतात हे क्वचितच सापडतं.

सूचनांची परीक्षा अशी घेतली की एका गटाच्या सूचना दुसऱ्या गटाने वाचायच्या आणि लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही. टेबलावर सतरंजीची घडी म्हणजे गादी. पहिल्याच गटाचं काम अडलं. 'खालचा भाग गादीखाली सरकवा' असं होतं. वाचणारा पोरगा नळी गादीत खुपसत राहिला, कारण 'आधी गादी उचला' हे कोणी लिहिलंच नव्हतं. सगळा वर्ग हसला, आणि लिहिणाऱ्यांनी पेन्सिल काढून पहिल्या ओळीच्या वर नवीन ओळ घातली. आणखी एक गोष्ट त्यांनीच शोधली. खालचे पाय पूर्ण आत न सारता वरच्या हातांवर दप्तर ठेवलं तर सगळी चौकट पुढे कलंडायची. पाय पूर्ण आत गेले आणि सतरंजीवर एक जण बसला की ढिम्म हलत नव्हती. "सीसॉ आहे सर, दुसऱ्या बाजूला आजी बसणार." तरफ हा शब्द मी त्या दिवशी उच्चारलाही नाही. पुढच्या वर्गात भेटेल तेव्हा त्यांना ही चौकट आठवेल.

पुढचा भाग गणिताचा, आणि मला स्वतःला सर्वांत आवडलेला.

मी गोधडी नेली होती. ती किराणा दुकानातल्या काट्यावर आदल्या रात्रीच तोलली होती, 2 किलो 600 ग्रॅम. लांबी-रुंदी मुलांनी मोजली, 210 सेंटीमीटर आणि 150 सेंटीमीटर. मी प्रश्न टाकला, आजीच्या पायावर किती वजन पडत असेल? एकाने लगेच 2 किलो 600 सांगितलं. दुसरी म्हणाली, "नाही, ते सगळ्या अंगावर वाटलं जाईल." मग आम्ही वाटून पाहिलं. हिशोब चौथीला जड आहे, फळ्यावर मीच केला. तळहाताएवढ्या, 10 बाय 10 सेंटीमीटरच्या तुकड्याचं वजन आलं सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास. दोन पोस्टकार्डं-तीन पोस्टकार्डं, एवढंच. वर्ग नाराज झाला. एवढ्याने कोणाला दुखेल?

मग एका मुलाला टेबलावर उताणं झोपवलं आणि अंगावर गोधडी टाकली. "आता बघा, गोधडी कुठे कुठे टेकली आहे?" पोटावर, गुडघ्यांवर, आणि थेट पायाच्या बोटांवर. नडगीपाशी ती अधांतरी होती, बोटांच्या पुढेही अधांतरी. तंबूच्या मधल्या खांबासारखी ती दोन अंगठ्यांवर उभी होती. म्हणजे आजूबाजूच्या बऱ्याच गोधडीचं वजन त्या दोन टोकांवर येतं. पायथ्याकडचा 60 बाय 60 सेंटीमीटरचा भाग धरला तर त्याचंच वजन 300 ग्रॅमच्या जवळ जातं. ते सगळं अंगठ्यांवर येत नसेल, पण त्यातलं बरंचसं येत असणार. झोपलेला मुलगा म्हणाला, "सर, लागतंय थोडं. बोटं खाली दबतात." निरोगी, नऊ वर्षांच्या पोराच्या पायांना हे जाणवलं.

या वेळी एक गोष्ट घडली. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, तो थंडीत सकाळी स्वेटर घालून येतो आणि परिपाठ संपायच्या आत काढून दप्तरात कोंबतो. घरून तक्रार येते, शाळेतही दोन-तीन जण 'स्टाइल मारतो' म्हणतात. तो सहसा बोलत नाही. टेबलापाशी उभा राहून हळूच म्हणाला, "मला पण स्वेटर तसंच लागतं. मानेला." मी त्याला स्वेटरच्या आत गळाबंद सुती शर्ट घालून बघायला सांगितलं आणि त्याच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं नाटकं करतो." त्यांना मी माझ्या आईच्या पायांची हकिकत सांगितली. दुसऱ्या सोमवारपासून स्वेटर दुपारपर्यंत अंगावर राहू लागलं. सगळ्याच मुलांचं असं सुटेल असं नाही. काहींना कपड्यांचा, लेबलांचा त्रास फारच असतो आणि त्यांना तज्ज्ञांकडे न्यावं लागतं. पण निदान पहिला प्रश्न 'कुठे टोचतं?' हा विचारता येतो.

आता उंची. नळ्यांवर एक ते सात आकडे होते, दोन आकड्यांत अडीच सेंटीमीटरचं अंतर. कागदाच्या चित्रात बटण चार नंबरवर दाखवलं होतं. मुलांनी अर्थातच चार नंबर लावला. मी म्हटलं, चित्रातली गादी बघा. चित्रात परदेशी जाड गादी होती, माणसाच्या मांडीएवढी. आमच्या दिवाणावर कापसाची गादी, उंची 10 सेंटीमीटर. चौकट मोजते ती फळीपासून आणि आजी झोपते गादीवर. म्हणजे गादी जेवढी पातळ तेवढी चौकट आजीला जास्त उंच. मोजलं तर चार नंबरला वरचा हात फळीपासून साडेबावन्न सेंटीमीटरवर होता. गादी वजा केली, राहिले साडेबेचाळीस.

जास्त उंच असलं तर बिघडलं काय? हे सुतळीने कळलं. चौकटीची रुंदी 60. गोधडी एका बाजूने साडेबेचाळीस चढणार, 60 आडवी जाणार, दुसऱ्या बाजूने साडेबेचाळीस उतरणार. बेरीज 145. गोधडी 150. म्हणजे दोन्ही बाजूंना गादीवर टेकायला अडीच-अडीच सेंटीमीटर. "सर, आजीने कूस बदलली की वारं आत!" बरोबर. मग सगळ्यांत खालचा, एक नंबर. फळीपासून 45, गादीपासून 35. बेरीज 130, दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटर शिल्लक. मग आणखी खाली का नाही? कारण पाय. आईचं पाऊल मी सकाळी मोजून आणलं होतं, 22 सेंटीमीटर. उताणं झोपून बोटं सरळ वर केली तर ती गादीपासून 22 वर येतात. 35 मधून 22 गेले, राहिली 13 सेंटीमीटरची मोकळी जागा. एका मुलाने सुचवलं, गोधडी आडवी टाका, म्हणजे 210 रुंदी मिळेल. उत्तम कल्पना! पण मग लांबी 150 उरते, आणि हनुवटीपासून चौकटीवरून पायथ्यापर्यंत सुतळी टाकली तर ती 180 च्या आसपास भरली. आजीचा गळा उघडा पडेल. हे त्यानेच मोजलं आणि त्यानेच स्वतःची कल्पना मागे घेतली.

शाळा सुटताना चौकट सुटी करून पुन्हा खोक्यात भरली. मुलांच्या सूचनांपैकी एक सगळ्यांनी मिळून निवडली आणि तीच माझ्याकडे दिली. घरी मी कागद बाजूला ठेवला आणि मुलांच्या सूचना आईला मोठ्याने वाचून दाखवत जोडणी केली. 'आधी गादी उचला' वाचल्यावर ती म्हणाली, "हुशार आहेत रे."

पण चौकट लागल्यावर काही गोष्टी अशा निघाल्या की ज्या वर्गात निघाल्या नव्हत्या, कारण वर्गात कोणी रात्रभर झोपलेलं नव्हतं. पहिल्या रात्री ठणका नव्हता, पण आई दोनदा उठली. एकदा गार वाटलं म्हणून, एकदा गोधडी मधेच खाली झोळ धरून बोटांना टेकली म्हणून. जड कापड दोन नळ्यांच्या मधे लोंबतं. सकाळी मोजलं, मधला झोळ 9 सेंटीमीटरचा होता. म्हणजे मोकळ्या 13 मधून 4 उरले. पाय जरा वर उचलला की लागणारच.

मी आडवी काठी बांधायचा विचार करत होतो. आई म्हणाली, "काठी कशाला? खाटेला नवार असते तशी पट्टी घाल." आणि तिनेच जुन्या इरकलीचे काठ कापून तीन पट्ट्या काढल्या. एका हाताला गुंडाळायची, ताणून दुसऱ्या हाताला गुंडाळायची, टाका घालायचा. आता झोळ 3 सेंटीमीटरच्या वर जात नाही. वारं येतं त्यावरही उपाय तिचाच. गोधडीच्या खालच्या अर्ध्या भागाला दोन्ही बाजूंनी एकेक वीत रुंद झालर जोडली, माझ्या मुलाकडून सुईत दोरा ओवून घेत घेत. दहा सेंटीमीटरची शिल्लक तीस झाली. ती गादीखाली खोचता येते.

नळ्यांना मात्र मी स्वतः जुन्या बनियनच्या पट्ट्या गुंडाळल्या, आणि हे करायलाच हवं. धातूची नळी थंडीत बर्फासारखी होते. शिवाय बधिर पाय त्यावर आपटला तरी माणसाला कळत नाही, जखम झाल्यावर रक्त दिसतं तेव्हा कळतं. याच कारणाने आत गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, कितीही गार वाटलं तरी. ज्या पायाला 10 ग्रॅमचा तंतू लागत नाही त्याला चटकाही कळत नाही. सैल सुती मोजे बरे. आणि रोज रात्री तळपाय बघायचे. आईला वाकून दिसत नाही, म्हणून माझा मुलगा आरसा धरतो आणि 'आज काही नाही' असं डॉक्टरांच्या थाटात सांगतो. टाचांचं काम ही चौकट करत नाही, तेही लक्षात घ्या. ती वरचा भार काढते, खालचा नाही. जो माणूस अंथरुणाला खिळलेला आहे त्याच्या टाचा गादीवर दबून जखमा होतात. त्यासाठी वेगळी काळजी आणि डॉक्टरांचा सल्ला लागतो.

उंचीचा शेवटचा निर्णय आठवड्याने झाला. पट्ट्या आणि झालर झाल्यावर मी म्हटलं, आता एक नंबर ठीक आहे, राहू दे. आई म्हणाली, "एक घर वर कर." मी हिशोब सांगू लागलो, 35 मधून 22, वजा 3, दहा सेंटीमीटर जागा आहे की. ती म्हणाली, "तुझं गणित बरोबर असेल रे. पण मी कुशीवर वळताना पाय उचलते, ते तुला कुठे माहीत?" दोन नंबर केला. सोमवारी वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलांनी वहीत 35 खोडून 37.5 लिहिलं आणि बाजूला लिहिलं, 'आजींनी सांगितलं म्हणून.'

काकू परवा आल्या होत्या. त्यांनी गोधडीखाली डोकावून पाहिलं. मग हळूच विचारलं, हे कुठे मिळतं, कारण त्यांच्याही अंगठ्याला रात्री काहीतरी होतं.

ज्यांना विकत घ्यायची नसेल त्यांच्यासाठी. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी, ते वायरिंगची कामं करतात, आजोबांसाठी वायरिंगच्याच पाइपची चौकट केली. 25 मिलिमीटरच्या पाइपमध्ये 20 मिलिमीटरचा पाइप सरकतो, थोडा सैल बसतो, पण चालतो. दोन्हींना आरपार भोकं पाडून नटबोल्ट घातला की उंची हवी तशी बदलते. कोपऱ्यांना बाजारातले एल्बो. प्लास्टिकचे हात वाकतात, म्हणून त्यांनी आमच्यासारखे अधांतरी हात न ठेवता चारही कोपऱ्यांना पाय दिले, स्टुलासारखे, आणि ते थेट गादीवर ठेवले. गोधडीऐवजी हलकी रजई असल्याने निभावतं. कापलेली टोकं मात्र कानशीने घासा आणि बुचं बसवा. बोल्टचं टोकही आतल्या, पायाच्या बाजूला येऊ देऊ नका.